गाडीच्या चाकांची कल्हई

मैत्रिणींनो, दसऱ्याला गाडी धुऊन-पुसून, झेंडूचा हार घालून तिची पूजा बहुधा आपणच करतो. काच, आरसे, बॉनेट सगळं लखलखीत असतं. पण ओवाळताना नजर खाली गेली की चाकांचा उडालेला रंग आणि कडेचे तांबूस पोपडे दिसतात. मग घरात विषय निघतो, चाकं रंगवून घ्यायची का? गॅरेजवाले त्यावर 'पावडर कोटिंग' सुचवतात. हवा तो रंग मिळतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो, असं सांगतात. काम नीट झालं तर ते खरंही आहे. पण हे पैसे घरखर्चातूनच जाणार, आणि त्याच चाकांवर आपली लेकरं बसून जाणार. तेव्हा 'गाडीचं काम, आपल्याला काय कळतं' असं म्हणून गप्प बसू नका. हे काम समजायला अगदी सोपं आहे.

पावडर कोटिंग म्हणजे डब्यातला पातळ रंग नव्हे. हा रंग पिठासारखा कोरडा असतो. त्यात थिनर, टर्पेंटाइन काही नसतं. फवारणीच्या बंदुकीतून तो उडवताना त्याच्या कणांना विजेचा भार देतात. चाक तारेला टांगून त्याची जोडणी जमिनीशी केलेली असते, म्हणून ते कण चाकाकडे ओढले जाऊन चिकटतात. केसांवर घासलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात ना, तोच हा प्रकार. मग चाक भट्टीत जातं. साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला, दहा ते वीस मिनिटांत ही भुकटी वितळते, सारखी पसरते आणि कडक होऊन बसते. एकदा इडली उकडली की तिचं परत पीठ होत नाही, तसाच हा रंग पुन्हा वितळत नाही. त्याची जाडी साधारण आपल्या डोक्याच्या केसाइतकी भरते.

ही विद्या तशी फार जुनी नाही. 1950 च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांनी तापवलेली वस्तू भुकटीत बुडवून असा थर देण्याची रीत काढली. विजेच्या भारानं फवारणं त्यानंतरचं. आज आपल्या घरातली लोखंडी कपाटं, वॉशिंग मशीन, खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या अशा कितीतरी वस्तूंवर हाच रंग असतो.

आता मुख्य गोष्ट. कल्हईवाला दारात बसायचा ते आठवा. कथलाचा हात तो शेवटी फिरवायचा. त्याआधी भांडं घासून स्वच्छ करायचं, भट्टीवर तापवायचं, नवसागर टाकायचा. भांडं तेलकट राहिलं की कल्हई धरायची नाही. चाकाचंही तसंच. रंग टिकतो तो आधीच्या तयारीवर. जुना रंग पूर्ण काढायचा, बारीक खड्याच्या माऱ्यानं गंज उडवायचा, तेल-ग्रीस धुवायचं. लोखंडी चाक असेल तर फॉस्फेटचं पाणी द्यायचं, म्हणजे गंजाला अटकाव होतो आणि रंग घट्ट धरतो. गंजावरच पावडर मारली तर पहिल्या दिवशी चाक नव्यासारखं दिसेल. पण आतला गंज वाढत राहील आणि पुढे रंगाचे पापुद्रे निघतील. स्वस्तात होतं म्हणणारा नेमकी हीच तयारी गाळतो.

मॅग व्हीलचं थोडं निराळं. ती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, म्हणजे आपण ज्याला जर्मनचं भांडं म्हणतो त्याच जातीची. ती ओतीव असल्यानं त्यांत बारीक छिद्रं असतात आणि त्यांत हवा, तेल अडकलेलं असतं. म्हणून रंगाआधी चाक एकदा नुसतंच भट्टीत तापवून घ्यावं लागतं, नाहीतर रंगावर टाचणीच्या टोकाएवढे फोड येतात. शिवाय हा धातू मऊ. भट्टी वाजवीपेक्षा जास्त तापली किंवा चाक फार वेळ आत राहिलं, तर त्याची ताकद कमी होऊ शकते. तेव्हा औद्योगिक वसाहतीतला कारखाना ग्रिल आणि कपाटं छान रंगवतो, एवढ्यावरून त्याला चाकंही जमतील असं धरू नका. आधी चाकं केली आहेत का, ते विचारा.

आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाताना एखाद्या खड्ड्यात दणकून आपटलेलं चाक वाकतं, कधी त्याला केसासारखी चीरही जाते. जुना रंग काढला की ती चीर उघडी पडते. वर नवा रंग बसला की पुन्हा दिसत नाही. म्हणून रंग काढल्यावर, पावडर मारण्याआधी चाक जाणकाराकडून तपासून घ्यायचंच. चिरलेलं चाक रंगवायचं नाही, बदलायचं. भोक पडलेल्या पातेल्याला आपण कल्हई करतो का?

काम देताना एवढं विचारा:

1. टायर, हवेचा वॉल्व्ह आणि नव्या गाडीत हवेचा दाब दाखवणारा सेन्सर आधी काढणार ना?
2. जुना रंग पूर्ण काढणार की त्यावरच मारणार?
3. पावडर कोणती? इपॉक्सी कणखर असते, पण उन्हात फिकी पडून खडूसारखी होते. आपल्याकडच्या उन्हाला पॉलिएस्टर बरी.
4. नट बसतात ती जागा आणि चाक गाडीला टेकतं ती मागची बाजू झाकून ठेवणार ना? तिथे रंगाचा थर बसला तर तो दबतो आणि नट सैल पडतात.
5. टायर पुन्हा चढवणं आणि बॅलन्सिंग ठरलेल्या पैशांत धरलं आहे का?

चाकं बसल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा एकदा ठरलेल्या जोरानं आवळून घ्यायचे. हे काम फुकटात होण्यासारखं आहे, पण याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

निगा अगदी साधी. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं लातूर आपण पाहिलं आहे. चाकांवर बादल्या ओतणं आपल्याला शोभत नाही. चाक गार असताना मगभर पाण्यानं माती सैल करा, सौम्य साबणाच्या फडक्यानं पुसा, आणि ओलं असतानाच कोरडं करा. बोअरचं पाणी वाळू दिलं की पांढरे डाग बसतात. ते घालवायला संडास धुण्याचं ॲसिड किंवा तारेची घासणी मात्र मुळीच नको. दगडावर घासून टवका उडालाच, तर तेवढ्यापुरती पावडर लावता येत नाही. त्या जागी पातळ रंगाचा हात द्या, म्हणजे आत पाणी शिरणार नाही.

रंग कोणता घ्यायचा, ते घरात बसून हौसेनं ठरवा. राखाडी रंगावर आपल्याकडची धूळ कमी दिसते, काळ्यावर लगेच उठून दिसते, एवढं सांगून ठेवते. पण कारखान्यात गेल्यावर रंगाचा तक्ता हातात घेण्याआधी, रंग काढलेलं उघडं चाक दाखवा म्हणून सांगा. जो ते आनंदानं दाखवील, त्यालाच काम द्या.