घाटमाथ्याच्या पटावर बाणकोट हवे

दिवाळीत भोर-वेल्ह्याच्या अंगणांत मातीचे राजगड आणि तोरणे उभे राहतात. बुरूज, चोरदरवाजा, पद्मावतीचे तळे, पायथ्याशी मावळे, सारे हौसेने मांडलेले असते. त्यात खाडी मात्र कधी नसते. डोंगरी किल्ल्याला खाडी कशाला, असे कोणी विचारील. पण हाच समज पुढे आपल्या इतिहासविचारातही मुरतो.

इतिहासातील मोहिमा पटावर पुन्हा लढून पाहण्याची पद्धत जुनी आहे. प्रशियाच्या सैन्याने १८२४ मध्ये असा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. सोंगट्या, नकाशा, फासे आणि निर्णय देणारा पंच, एवढीच त्याची सामग्री. मराठ्यांच्या इतिहासावर असे खेळ आपल्या शाळा-महाविद्यालयांत अवश्य व्हावेत. मात्र त्यात जलमार्ग गमावल्याचे दाखवायचे कसे, याचा विचार आधी व्हायला हवा. पटावरचे एक घर शत्रूच्या रंगाचे झाले, चार गुण वजा झाले, एवढ्याने ते भागत नाही.

भोरहून वरंधा घाट उतरला की शिवथरचे खोरे आणि पुढे महाड. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ज्याला राजगड हे नाव देण्यास मान्यता दिली, त्या वेल्हे तालुक्यातील मढे घाटाची वाटही महाडच्याच मुलखात उतरते. महाडची सावित्री बाणकोटपाशी समुद्राला मिळते. भरतीच्या पाण्यावर मचवे आणि पडाव खाडीतून वर चढत. राजगडावरून राजधानी हलविताना शिवछत्रपतींनी याच सावित्रीच्या खोऱ्यातला रायगड निवडला, हे विसरता कामा नये. घाट, बंदर आणि खाडीचे मुख हे एकाच साखळीचे दुवे आहेत.

ही साखळी १७५५-५६ मध्ये तुटली, आणि तीही आपल्याच हातांनी. तुळाजी आंग्रे यांचा बंदोबस्त करण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पाठोपाठ बाणकोटचा हिंमतगड पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला आणि बाणकोट इंग्रजांकडे राहिले. त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले.

पटावर हा सौदा लाभाचाच दिसतो. बलाढ्य जलदुर्ग हाती आला, घरचा प्रतिस्पर्धी संपला आणि बदल्यात गेले एक लहानसे ठाणे! खेळ रचणाऱ्याने हा मोह जसाच्या तसा राहू द्यावा. विजयदुर्गाचे गुण खेळाडूला तत्काळ मिळावेत, बाणकोटचा तोटा लगेच मुळीच दिसू नये. मीठ आणि सुकी मासळी घेऊन बैलांचे तांडे घाट चढतच राहावेत, कारण तह आहे, मैत्री आहे. बदल एवढाच, की खाडीची वाट उघडी ठेवायची की बंद करायची, हे आता दुसरा ठरवणार. त्यासाठी मुख, भरतीचा पट्टा आणि घाटपायथा यांची मालकी निरनिराळी नोंदवावी. पावसाळ्यात समुद्र बंद, नारळी पौर्णिमेनंतर खुला, हा नियमही हवाच.

दुसरा नियम आरमाराचा. जळालेली गलबते केवळ खजिन्यातून होन मोजून परत मिळू नयेत. त्यांना सागवान लागते, सुतार लागतात, दर्यावर्दी लागतात आणि त्यांची पिढी तयार व्हायला वर्षे लागतात. बुद्धिबळात प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की त्याचा वजीर होतो. समुद्रावर तसे घडत नाही. पंचाने येथे दया दाखविली तर काय होते, हे जपानने अनुभवले. मे १९४२ मध्ये मिडवेच्या मोहिमेच्या सरावखेळात बुडालेली ‘कागा’ ही विमानवाहू नौका पंचांनी पुढच्या डावात पुन्हा तरंगती केली. जूनमध्ये ती खरोखरच बुडाली, सोबत आणखी तीन गेल्या.

काही इतिहासप्रेमींना हे आत्मनिंदेसारखे वाटेल. तसे वाटू नये. २०२५ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत राजगड, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग एकाच नोंदीत समाविष्ट झाले. डोंगर आणि दर्या यांचे हे नाते जगाने मान्य केले. (बाणकोट त्या बारा दुर्गांत नाही.) गौरवाच्या नकाशावर ते नसले तरी चालेल, युद्धाच्या पटावरून ते वगळता येणार नाही.

आणि डाव १७५६ लाच गुण मोजून थांबवू नये; तो १८०२ पर्यंत चालवावा. त्या वर्षी २५ ऑक्टोबरला यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केला आणि दुसरा बाजीराव घाट उतरून महाडला आला. घाट आपला, महाड आपले, पुढचा सुवर्णदुर्गही आपलाच. पटावर सर्व सोंगट्या भगव्याच. पण पेशव्याला वसईला नेणारे जहाज इंग्रजांचे होते. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे तैनाती फौजेचा तह झाला.