फायनान्स कुणाच्या बापाचं?



पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. काठची जमीन धरणाखाली गेली, पुनर्वसनाच्या भांडणात पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. 9 ऑगस्ट 2011 ला बंद जलवाहिनीविरुद्ध मावळची माणसं बौरजवळ एक्स्प्रेस वेवर उतरली. पोलिसांच्या गोळीबारात तिघं मेली. आज त्याच काठावर शनिवार-रविवार शहरी पाहुण्यांचे तंबू लागतात. पवनानगरातला, तंबूत चहा पोचवणारा आपला बारावी कॉमर्सचा पोरगा म्हणतो, बीबीए करायचंय, फायनान्स घेऊन, खाजगी विद्यापीठात.

कर की! हा तर आपल्या घरचा विषय. बाबासाहेब कोलंबियात सेलिग्मनकडे सार्वजनिक वित्त शिकले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ 1923 चा, प्रांतिक वित्तावरचा 1925 चा. पुतळ्याला हार घालणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी ते उघडलेत? (आम्हीही उशिराच उघडले.) पण ते शिकले कशावर? बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. ती संपली तेव्हा 1917 ला लंडन अर्धवट टाकून परतावं लागलं. 1920 ला पुन्हा गेले ते साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांचं कर्ज घेऊन.

पोराच्या मागं कोण आहे? बँक. आता फायनान्सचा पहिला धडा आपणच गिरवू. समजा 3 वर्षांची फी, हॉस्टेल धरून 10 लाख. व्याज 10 टक्के. दरवर्षी सारखी रक्कम उचलली, तरी शिक्षण आणि पुढचं एक सवलतीचं वर्ष संपेस्तोवर 3 लाख नुसतं सरळ व्याज. झाले 13 लाख. 10 वर्षांत फेडायचे तर महिना 17 हजारांवर. नोकरी लागो न लागो! आणि साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, ज्याचं घर गावठाणाबाहेर, त्यानं काय ठेवायचं? बापाचं मनगट?

मग राखीव जागा? 2005 ला सुप्रीम कोर्टानं इनामदार खटल्यात सांगितलं, विनाअनुदानित खाजगी संस्थांवर सरकारला आरक्षण लादता येत नाही. त्यावर घटनादुरुस्ती होऊन कलम 15(5) आलं. 2014 ला कोर्टानंही ते वैध ठरवलं. म्हणजे किल्ली सरकारच्या खिशात आहे. केंद्रीय संस्थांसाठी 2006 मध्येच कायदा झाला, देशभरच्या खाजगी विद्यापीठांसाठी मात्र केंद्राचा हात खिशातच राहिला. 2025 ला संसदीय समितीनंच म्हटलं, कायदा करा. सवलतीत जमीन घेताना, करमाफी घेताना या संस्था समाजसेवक. आपला पोरगा दारात आला की लगेच खाजगी!

तोवर सरकारी आणि अनुदानित कॉलेजातलं बीकॉम कमी समजू नका. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1953 ला मुंबईत सिद्धार्थ कॉमर्स कॉलेज काढलं, ते उगीच नाही. आणि खाजगीच्या खिडकीवर जाणार असाल तर दोघं-चौघं मिळून जा. राखीव जागा किती, शिष्यवृत्ती लागू आहे का, मधेच सोडलं तर फी परत किती, हे विचारा. उत्तर लेखी घ्या, सही-शिक्क्यासकट. बापाला सही करायला त्यानंतरच बोलवा.