परत जाण्याचे वचन

आपत्ती कोसळली की आपली धर्मग्रामे हेलावतात, हे आम्ही नाकारीत नाही. कपडे गोळा होतात, ट्रक निघतो, छायाचित्रे काढली जातात. आणि पहिल्या पावसाबरोबर आपली करुणाही वाहून जाते. ही भेट नव्हे, सहल होय.

2012 साली जालना जिल्ह्यात पाऊस रुसला. 2013च्या उन्हाळ्यात गावे टँकरची वाट पाहत बसली. वाळलेल्या मोसंबीवर शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालवली. नवे झाड फळाला यायला चार-पाच वर्षे लागतात. एका दिवसाच्या भेटीने त्या घराचे काय सावरणार?

त्याच जिल्ह्यातील कडवंची मात्र तगले. तेथे 1996पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने गावकऱ्यांच्या श्रमदानातून माती अडवली, पाणी जिरवले. पुढे शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. हे ज्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून घडले, त्याचे प्रवर्तक फादर हर्मन बाखर हे येशूसंघीय धर्मगुरू होते. दुष्काळ सरला म्हणून त्यांनी दुष्काळी गावांकडे पाठ फिरवली नाही.

शोमरोनी माणसाने जखमांवर तेल ओतले, एवढेच आपण स्मरतो. निघताना त्याने उतारशाळेच्या मालकाला परत येण्याचे वचन दिले, ते मात्र सोयीस्करपणे विसरतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने एकच गाव निवडावे, पाच वर्षे धरून ठेवावे आणि प्रायश्चित्तकाळातील दान बांधबंदिस्तीसाठी दरवर्षी पोहोचवावे. वर्तमानपत्रे त्या गावाला विसरतील, त्या वर्षी तर अवश्य जावे. हे जमणार नसेल, तर ट्रकवरचा आपल्या नावाचा फलक तरी उतरवावा.