खाऊ कुठं घालायचा ते ठरलं, काय घालायचं?

संध्याकाळी नेरूळच्या कुठल्याही सेक्टरमधून चक्कर मारा. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला तुरुतुरु चालणारं छोटंसं कुत्रं, हे दृश्य हमखास दिसतं. वन बीएचकेत मोठं कुत्रं ठेवणार कुठं? म्हणून मग पॉमेरेनियन, पग, शिह त्झू. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग आला आणि चपट्या नाकाचं ते ध्यान घराघरांत हवंसं झालं.

सध्या मात्र कुत्र्यांचा विषय निघाला की भांडणच. सीवूड्सच्या एका सोसायटीतला भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याचा वाद २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गाजला. त्याच वर्षी २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, भटक्या कुत्र्यांना ठरवून दिलेल्या जागीच खाऊ घाला. कुठं घालायचं यावर एवढा खल झाला. घरातल्या कुत्र्याला काय घालायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. तो प्रश्न येतो थेट स्वयंपाकघरात, म्हणजे आपल्याकडेच!

आमच्या शेजारच्या वहिनींचा पॉमेरेनियन सात वर्षांचा. सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट, दुपारी दूध-पोळी. अलीकडे तो भांड्यापाशी जायचा आणि तसाच परतायचा. सगळे म्हणाले, ‘माज आलाय.’ डॉक्टरांनी तोंड उघडलं, तर दातांवर तपकिरी थर, हिरड्यांतून रक्त. भूल देऊन चार दात काढावे लागले. वहिनी रडवेल्या होऊन म्हणाल्या, ‘अगं, लाडच केले मी त्याचे!’

लाडांचाच हिशेब करून बघू. पाच किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण साडेतीनशे कॅलरी पुरतात. एका ग्लुकोज बिस्किटात पंचवीसच्या आसपास. म्हणजे चार बिस्किटांत पाव दिवसाचं जेवण संपलं! खाऊ एकूण आहाराच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये, असं पशुवैद्य सांगतात. शिवाय बिस्किट आणि दूध-पोळीचा लगदा दातांना चिकटून बसतो.

कुत्रं मोठं असो की छोटं, पूर्ण वाढीला दात बेचाळीसच. छोट्या जबड्यात त्यांची दाटी होते, फटीत अन्न अडकतं. थर काही दिवसांत दगडासारखा कडक होतो आणि मग घासून निघत नाही. पिल्लाचे दुधाचे दात सहा-सात महिन्यांनंतरही राहिले असतील, तर डॉक्टरांना दाखवावेत.

आता तुम्ही म्हणाल, हे शहरातल्यांचं झालं, आमच्या गावात कुत्र्याचा दातांचा डॉक्टर कुठून आणू? अगदी खरं. आपल्याकडचे पशुदवाखाने उभे राहिले ते गाय-बैलांसाठी. परळच्या जुन्या रुग्णालयाला आजही लोक ‘बैलघोडा’च म्हणतात. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं, तेही २०२४ मध्ये. तालुक्याचे डॉक्टर गाई-म्हशींच्या बाळंतपणात गुंतलेले. म्हणूनच, मैत्रिणींनो, जिथं डॉक्टर लांब, तिथं ब्रश जवळ हवा.

लहान मुलांचा मऊ ब्रश किंवा बोटाला गुंडाळलेलं ओलं सुती फडकं पुरतं. रोज दोन मिनिटं, हिरडीच्या कडेनं. आपली टूथपेस्ट मात्र नको; कुत्र्यांची वेगळी मिळते. घरचं जेवण द्यायला हरकत नाही. बिनमिठाचा उकडलेला भात, अंडं, चिकन, भोपळा चालतो. पण नुसत्या भातावर पोषण होत नाही. प्रमाण डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्या. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे अजिबात नकोत, म्हणजे आपले कांदेपोहेसुद्धा नाहीत. शिजवलेली हाडं नकोत, ती तुटून घशात-आतड्यात टोचतात. बिनसाखरेच्या च्युइंगगममधलं झायलिटॉल तर जीवघेणं. तोंडाला वास, लाळ, एकाच बाजूनं चावणं दिसलं, की ‘माज’ म्हणू नका, तोंड बघा.

आणखी एक. कुत्र्याचा हट्ट मुलांचा, फिरवणं नवऱ्याच्या मर्जीवर आणि बाकी सगळं आईच्या माथी, हे बहुतेक घरांतलं चित्र. त्यात आता ब्रशची भर कशाला? ज्यानं हट्ट केला, त्याच्याच हातात तो ब्रश द्या. ‘चणे आहेत तर दात नाहीत’ ही वेळ त्या मुक्या जीवावर येऊ नये, ही जबाबदारी सगळ्या घराची आहे.