जामीन मिळाला, जामीनदार नाही

गेल्या पावसाळ्यात एक बाई क्षयाचे उपचारकार्ड घेऊन दवाखान्यात आली. कार्ड नवऱ्याचे. "डॉक्टरसाहेब, ह्या गोळ्या आता कुणाकडं देऊ? ते आत हायेत." चोरीच्या संशयावरून त्याला धरले होते. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळेना. जामीनदाराची ऐपत सातबारा किंवा घराच्या कागदावरून ठरते. ऊसतोड कामगाराच्या गोतावळ्यात सातबारा कोणाच्या नावावर असणार?

आरोग्याच्या सदरात तुरुंग कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण क्षयाच्या गोळ्या मध्येच सुटल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि कोंदट कोठडीत तो आजार इतरांनाही जडू शकतो.

२०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांतील ४,३४,३०२, म्हणजे चारांतले तीन, न्यायाधीन कच्चे कैदी होते. त्यांत निरक्षर आणि दहावीपर्यंतही न पोहोचलेले यांचाच भरणा जास्त. गुन्हा श्रीमंतही करतात. पण वकील, जामीन आणि ओळख नसलेला माणूस आत राहतो. त्यातच इंग्रजांनी १८७१ पासून कायद्याने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, शिक्का मात्र राहिला. आजही चोरी झाली की संशय आधी पारध्यांच्या पालावर जातो.

गुन्ह्याला शासन व्हावे, याबद्दल दुमत नाही. पण गुन्हा सिद्ध होण्याआधीच गरिबीची शिक्षा का?

वाचकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कोठडीतील कोणालाही, तसेच स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यानुसार, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याची बंधपत्रावर सुटका व्हायला हवी. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले याला अपवाद आहेत. क्षय, फिट्स, मधुमेह किंवा मानसिक आजाराचा रुग्ण आत गेला, तर घरच्यांनी उपचाराचे कागद लगेच तुरुंगाच्या डॉक्टरांकडे पोचवावेत.

त्या बाईला मी कार्डासोबत चिठ्ठी लिहून दिली आणि प्राधिकरणाच्या कार्यालयाचा रस्ता सांगितला. तो रस्ता तिला आधी कोणीच सांगितला नव्हता. आपल्या ओळखीत असे कोणी असेल, तर आपण सांगावा.