अंदाजाने तारखा वाचण्याची बेबंदशाही थांबवा!

०३/०४/२०२४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? ठाऊक नसेल तर विचारावे, एवढी अक्कल शाळकरी पोरालाही असते. आमच्या लायब्रऱ्यांना ती नाही! पायथनच्या 'डेटयूटिल'ला कोणी वेगळे बजावले नसेल, तर पहिला आकडा महिन्याचा, असे ती अमेरिकी रिवाजाने धरून चालते. म्हणून १२/०४/२०२४ म्हणजे तिच्या लेखी ४ डिसेंबर. पुढच्याच ओळीत १३/०४/२०२४ आले, की तेरावा महिना नसल्याने ती गुपचूप पवित्रा बदलते आणि १३ एप्रिल लिहून मोकळी होते. एकाच फाइलीत दोन न्याय, आणि एरर मात्र एकही नाही! पीएचपीची तऱ्हा आणखी निराळी: तिरकी रेघ असली तर आधी महिना, आडवी असली तर आधी दिवस.

याला सोय म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. कोसळणारा प्रोग्राम निदान आपली चूक दाखवतो. चुकीची तारीख बिनबोभाट गिळणारा प्रोग्राम ती पगाराच्या, विम्याच्या, औषधोपचाराच्या नोंदींत मुरवून टाकतो. एक्सेलने 'सेप्ट१', 'मार्च१' ही जनुकांची नावे तारखा समजून इतकी वर्षे नासवली, की मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० साली ती नावेच 'सेप्टिन१', 'मार्चएफ१' अशी बदलून टाकली. सॉफ्टवेअरच्या हेक्यापुढे विज्ञानाने मान तुकवावी, याहून मोठी नामुष्की कोणती?

आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, हे सांगणारे आयएसओ ८६०१ मानक १९८८ पासून समोर आहे. नवी तारीख दुसऱ्या कुठल्या रीतीने साठवण्याचे कारणच नाही. जुन्या नोंदी चित्रविचित्र असणारच, हे आम्हाला मान्य आहे. पण मग त्या कुठून आल्या ते शोधा, प्रत्येक ठिकाणचा फॉरमॅट स्वतः लिहा, आणि त्यात न बसणारी नोंद बाजूला काढून पाठवणाऱ्यालाच विचारा. तेवढ्यानेही गाफील राहू नका. जावाने २०१४ साली आठव्या आवृत्तीत तारखांची नवी व्यवस्था आणली. तिथेही स्वतःचा नमुना दिला, की ३० फेब्रुवारी २०२३ मुकाट्याने २८ फेब्रुवारी होते. 'स्ट्रिक्ट' असे स्पष्ट सांगाल तेव्हाच ती नाकारली जाते. अशक्य तारीख नाकारणे हे पार्सरचे पहिले कर्तव्य आहे!

प्रोग्रामर बंधुभगिनींनो, फॉरमॅट न सांगता तारीख वाचणारी आपल्या कोडातली प्रत्येक ओळ आजच शोधून काढा आणि बदला.