गर्भिणीचा कटिशूल आणि झटक्याची चिकित्सा

गर्भिणीच्या नित्याच्या तक्रारींमध्ये कटिशूलाचा क्रमांक फार वरचा आहे. निम्म्याहून अधिक स्त्रियांना गर्भावस्थेत कधी ना कधी कंबर, पाठ अथवा श्रोणिसंधी यांच्या वेदना होतात. वाढत्या गर्भाशयाच्या भाराने शरीराचा तोल पुढे झुकतो, कटिप्रदेशाची वक्रता वाढते, आणि प्रसवाच्या पूर्वतयारीसाठी स्नायुबंध शिथिल होत असल्याने श्रोणीचे सांधे अस्थिर होतात. कुशीवर वळणे, जिना चढणे, बसल्या जागेवरून उठणे अशा साध्या क्रियाही कष्टप्रद ठरतात. असे असूनही या वेदनेची वासलात आपण बहुधा 'बाळंतपणानंतर थांबेल' या एका वाक्यात लावतो. ज्या वेदनेकडे वैद्य लक्ष देत नाही, तिच्यासाठी रुग्ण अन्यत्र उपाय शोधतो, हे ओघानेच आले.

हा 'अन्यत्र' म्हणजे अलीकडे कायरोप्रॅक्टिक. मणक्याला विशिष्ट दिशेने त्वरित झटका देऊन 'कट' असा आवाज काढणाऱ्या या उपचाराच्या चित्रफिती आता प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर आहेत. पुण्यासारख्या शहरातील सुशिक्षित, नोकरी करणारी गर्भिणी त्या पाहते आणि पुढील तपासणीच्या वेळी विचारते, 'वैद्य, हे मी करून घेऊ का?' या प्रश्नाला घाबरवून टाकणारे उत्तर देणे सोपे आहे, आणि 'करून पाहा' असे म्हणणे त्याहूनही सोपे आहे. दोन्ही उत्तरे वैद्याला शोभणारी नाहीत.

प्रथम या शास्त्राची ओळख करून घेऊ. डी. डी. पामर यांनी १८९५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट या गावी ही पद्धती सुरू केली. अमेरिकेत आज तिला राज्यवार परवाने आहेत. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने तिच्यासाठी स्वतंत्र परिषद स्थापन झाली. भारतात मात्र या पद्धतीसाठी वैधानिक परिषद नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की, परदेशात अनेक वर्षांचे शिक्षण घेतलेला तज्ज्ञ आणि चार दिवसांचा वर्ग करून पाटी लावणारा मनुष्य यांतील भेद रुग्णाने स्वतःच ओळखावयाचा.

झटका ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. गावोगावचे हाडवैद्य ती वापरत आले आहेत. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची चाल महाराष्ट्रात आजही पूर्णपणे गेलेली नाही. योगायोग असा की, गर्भिणीसाठी कायरोप्रॅक्टिकमध्ये जे तंत्र सर्वांत प्रसिद्ध आहे, त्या वेबस्टर तंत्राचा गवगवाही 'पायाळू गर्भ फिरतो' असाच झाला. प्रत्यक्षात ते त्रिकास्थी व श्रोणीचा तोल साधण्याचे तंत्र आहे. गर्भ फिरविण्याचा दावा सिद्ध मानावा इतका भक्कम आधार त्यास नाही. गर्भ बाहेरून फिरविण्याची जी मान्य क्रिया आहे, ती प्रसूतितज्ज्ञ साधारणतः ३६-३७ आठवड्यांनंतर, सोनोग्राफी व गर्भाच्या हृदयस्पंदनाच्या देखरेखीखाली, शस्त्रक्रियेची सोय हाताशी ठेवून करतात. मग पोट चोळून गर्भ फिरवून देतो म्हणणारी सुईण असो वा पाटी लावलेला तज्ज्ञ असो, गर्भिणीने त्यांच्यापासून दूर राहणेच हिताचे.

आता न्यायाने बोलावयाचे तर या उपचाराने बरे वाटल्याचे अनेक स्त्रिया सांगतात, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. प्रशिक्षित चिकित्सक गर्भिणीसाठी पद्धत बदलतो. पोटासाठी जागा सोडलेले मेज वापरतो, कुशीवर निजवितो, झटक्याऐवजी हलका दाब देतो. शिवाय तो तिला वेळ देतो, तिचे ऐकून घेतो आणि दुखऱ्या जागेला हात लावतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत गर्भावस्थेतील कंबर व श्रोणीच्या वेदनांवरील ३४ चाचण्या आणि ५,१२१ स्त्रिया यांचा विचार झाला. व्यायामाने कटिशूल कमी होण्यास साहाय्य होते, असे त्यात दिसले, परंतु तोही पुरावा दुर्बल गुणवत्तेचा होता. हस्तोपचारांविषयीच्या चाचण्या तर त्याहूनही तुरळक. म्हणजे 'लाभ होऊ शकतो' इतकेच म्हणता येते.

सुरक्षिततेचे काय? मणक्याच्या झटक्यामुळे गर्भिणी व सूतिका यांना झालेल्या अपायांची समीक्षा २०१२ साली प्रसिद्ध झाली. त्यात मोजकीच उदाहरणे आढळली. काहींत वेदना थोडे दिवस वाढून शमली होती, तर काहींत अस्थिभंग आणि पक्षाघात यांसारखे गंभीर परिणाम झाले होते. मानेच्या झटक्याबाबत विशेष भीती आहे, कारण मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीस इजा होऊ शकते. उदाहरणे थोडी आहेत हे समाधान खरे, परंतु अपुरे. ज्याची नोंद ठेवण्याची पद्धतच नाही, त्याचा अपाय नोंदींत कसा सापडावा?

आमच्या मते झटक्यापेक्षाही मोठा धोका चुकलेल्या निदानाचा आहे. गर्भिणीची प्रत्येक कंबरदुखी ही कंबरेची नसते. लाटेप्रमाणे येणारी-जाणारी वेदना अकाली प्रसवाची असू शकते. पोट ताठर होऊन सतत दुखणारी पाठ अपरा सुटल्याची असू शकते. थंडी-तापासह कुशीत दुखणे वृक्काच्या जंतुसंसर्गाचे असू शकते. डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे आणि वाढलेला रक्तदाब ही त्रयी तर मान मोडून घेण्याची नव्हे, तातडीने रुग्णालय गाठण्याची आहे. एका पोटरीत सूज व वेदना असता रक्ताची गुठळी संभवते आणि अशा पायाचे मर्दन जिवावर बेतू शकते. मूत्र अडणे, बैठकीची जागा बधिर होणे, पायातील बळ जाणे ही लक्षणे मज्जारज्जूच्या टोकाशी असलेल्या नाड्या दबल्याची असतात. हे सर्व ज्यास ओळखता येत नाही, त्याचा हात कितीही हलका असला तरी तो सुरक्षित नाही.

आपल्या ग्रंथकारांनी या प्रश्नाचे मर्म एका उपमेत सांगून ठेवले आहे. चरकाचार्य शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राची उपमा देतात. ते पात्र जसे न हिंदकळता न्यावे, तसा तिचा उपचार करावा, असा त्यांचा आदेश आहे. तिची औषधे व आहार-विहार मृदू, मधुर, शीत व सुकुमार असावेत, असेही ते सांगतात. सूत्रस्थानात स्वेदनास अयोग्य व्यक्तींमध्ये त्यांनी गर्भिणीची गणना केली आहे. सुश्रुताचार्यांनी गर्भिणीस वर्ज्य सांगितलेल्या गोष्टींत यानारोहण, उकिडवे बसणे आणि स्नेहादि क्रिया यांचा समावेश आहे. पृष्ठमर्मांत त्यांनी गणलेली कटिकतरुण, कुकुंदर आणि नितंब ही मर्मे नेमकी त्याच प्रदेशात आहेत, जेथे हे झटके दिले जातात. तथापि तेच सुश्रुताचार्य आठव्या मासात बस्तीचा उपदेश करतात आणि चरकाचार्य नवव्या मासात अनुवासन व तैलपिचू सांगतात. यात विरोध नाही. काल पाहून, मात्रा पाहून आणि पात्र न हिंदकळता केलेले कर्म ग्राह्य, एरवी ते त्याज्य, असाच त्याचा आशय आहे.

आणि येथेच या लेखाचा खरा मुद्दा येतो. या मापाने कायरोप्रॅक्टिकला आपण मोजणार असू, तर तेच माप स्वतःच्या चिकित्सालयास लावावे लागेल. आज शहरात कित्येक पंचकर्म केंद्रांत गर्भिणीस 'विशेष पॅकेज' दिले जाते. सर्वांगास अभ्यंग, पाठोपाठ पेटीत वाफ, कंबरेवर ऊन तेलाची कटिबस्ती! ज्या रूपात आपण कटिबस्ती करतो, त्या रूपात ती गर्भिणीसाठी बृहत्त्रयीत कोठेही सांगितलेली नाही. तिच्यासाठी अर्धा-पाऊण तास पालथे निजणे गर्भिणीस शक्य नाही आणि उचितही नाही. विसाव्या आठवड्यानंतर दीर्घकाळ उताणे निजविल्यास गर्भाशयाचा भार महाशिरेवर पडून भोवळ येते व गर्भाचा रक्तपुरवठा घटतो. प्रथम तिमाहीतील अतिउष्णता गर्भास बाधक असते. अभ्यंग करणाऱ्या परिचारिकेस गर्भिणीविषयी वेगळे शिक्षण दिलेले असतेच असे नाही. दुसऱ्याच्या झटक्यावर बोट ठेवताना आपल्या वाफेच्या पेटीकडे डोळेझाक करणे हा शास्त्राभिमान नव्हे.

औषधविक्रेत्या बंधूंनीही या विषयात स्वतःस त्रयस्थ मानू नये. कंबर दुखते म्हणून घरचा माणूस दुकानात येतो आणि 'एखादे चांगले तेल द्या' म्हणतो. ते कोणासाठी, हे विचारले जाते काय? विषगर्भ तेलाच्या पाठात वत्सनाभ व धत्तूर आहेत. ही दोन्ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मधील विषारी द्रव्यांत मोडतात. 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सक्तीची सूचना मात्र पोटात घेण्याच्या औषधांसाठी आहे. बाह्य तेलाच्या बाटलीवर ती नसली, तर दुकानदाराचा शब्द हीच सूचना. गंधपुरा तेलातील मिथिल सॅलिसिलेट त्वचेतून शोषले जाते. वेदनाशामक मलमे निरुपद्रवी समजून विकली जातात, परंतु त्या वर्गातील औषधे विसाव्या आठवड्यानंतर टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० साली दिला. गर्भिणीसाठी साधे तिळाचे तेल, अथवा वैद्याने लिहून दिल्यास बला तेल किंवा क्षीरबला तेल, एवढीच मर्यादा पाळावी.

मग या वेदनेवर करावे तरी काय? पुणेकरांना याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. शिवाजीनगर परिसरातील रमामणी आयंगार स्मृती योग संस्थेत, १९७५ पासून, शरीराला झटका न देता आधार देण्याची परंपरा आहे. दोर, पट्टे, लोड, खुर्ची यांच्या साहाय्याने आसने कशी करावीत, याचा विचार तेथे झाला. गीता अय्यंगार यांनी स्त्रियांसाठी लिहिलेल्या ग्रंथात गर्भावस्थेचा स्वतंत्र विचार केला आहे. पात्र न हिंदकळता वेदना हलकी करण्याचा हा आधुनिक पाठच म्हणावयाचा. प्रसूतितज्ज्ञांच्या संमतीने मोजके व्यायाम, श्रोणीला आधार देणारा पट्टा, निजताना गुडघ्यांमध्ये उशी, कुशीवर निजवून सुखोष्ण तेलाचा मृदू अभ्यंग, आणि गरज भासल्यास प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचे साहाय्य यांनी बहुतेक गर्भिणींचा कटिशूल सुसह्य होतो. हिंजवडीहून कोथरूडपर्यंत खड्डे व गतिरोधक ओलांडत रोज दुचाकीवर येणाऱ्या गर्भिणीस तर यानारोहणाचा निषेध समजावून सांगणे हीच अर्धी चिकित्सा आहे.

व्यवसायबंधूंनी पुढील पाच नियम आपल्या चिकित्सालयात लावून घ्यावेत, असे आम्ही सुचवितो.

१. रक्तदाब, ताप, रक्तस्राव, पोटाचा ताठरपणा, गर्भाची हालचाल आणि पायांची सूज पाहिल्याविना गर्भिणीच्या पाठीस हात लावू नये.

२. झटका, पोटाचे मर्दन, पेटीतील स्वेदन आणि ऊन तेलाची कटिबस्ती गर्भिणीस करू नये.

३. आठव्या-नवव्या मासातील बस्ती वा पिचू प्रसूतितज्ज्ञांशी विचारविनिमय करूनच योजावा. पूर्वी अकाली प्रसव अथवा रक्तस्राव झालेल्या, किंवा अपरा खाली असलेल्या स्त्रीस तो टाळावा.

४. कायरोप्रॅक्टिककडे जाण्याचा निश्चय केलेल्या स्त्रीस तुच्छतेने बोलू नये. चिकित्सकाचे शिक्षण विचारण्यास, प्रसूतितज्ज्ञांस कळविण्यास आणि मानेस झटका देऊ न देण्यास सांगावे.

५. आपल्याकडे झालेल्या प्रत्येक उपचाराची व त्यानंतरच्या तक्रारीची लेखी नोंद ठेवावी.

शेवटचा नियम सर्वांत कठीण आणि सर्वांत आवश्यक आहे. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी केंद्र शासनाची औषधदक्षता योजना अस्तित्वात आहे आणि नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचे राष्ट्रीय केंद्र आहे. परंतु अभ्यंग, बस्ती, स्वेदन यांसारख्या कर्मांनंतर गर्भिणीस काय झाले, हे वहीत लिहून ठेवण्याची सवय आपल्यापैकी फार थोड्यांस आहे. 'शतकानुशतके चालत आले' हे वाक्य परंपरेची साक्ष देते. आपल्या समोरच्या गर्भिणीस अपाय झाला नाही, याची साक्ष ते देऊ शकत नाही. ती साक्ष वहीच देऊ शकेल. पुण्यातील वैद्यांनी केवळ दोन वर्षे प्रामाणिकपणे अशा नोंदी ठेवल्या, तरी गर्भिणीच्या मृदू अभ्यंगाविषयी अनुभवाच्या आधारे बोलण्याचा अधिकार आपल्यास प्राप्त होईल. तोपर्यंत दुसऱ्यांच्या पुराव्याच्या दौर्बल्यावर हसण्याचा अधिकार आपल्यास नाही.

तेलाने भरलेले पात्र कोणाच्या हाती आहे, याला शास्त्रदृष्ट्या फारसे महत्त्व नाही. ते हिंदकळले की नाही, हेच पाहावयाचे असते. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.